ओट्यावरचा पंजा

मी रावजी, गवंडी. देवरूखच्या अलीकडे आमची वाडी. सत्याऐंशी साली मालिकावाले आले, त्यांना तीनशे वर्षांमागचं गाव हवं होतं. विजेच्या खांबांना झावळ्या बांधल्या, कौलांवर पेंढा टाकला. त्यांचा साहेब म्हणाला, "रावजी, सिमेंट कुठेही दिसता कामा नये." म्हटलं, सोडा ओ, चाळीस वर्षं हेच करतोय.

जनी, माझी बायको, तेवढी आडवी आली. "सगळ्या वाडीला माती फासा. आपल्या ओट्याला हात लावायचा नाय."

ओट्याच्या कोपऱ्यात शिवाचा पंजा होता. आमचा एकुलता एक. सात वर्षांचा असताना कार्ट्याने माझ्या ओल्या सिमेंटवर हात दाबला. मी थोबाडीत दिली नि थापी फिरवायला गेलो, तर जनीने मनगट धरलं. पुढे तो मुंबईला गिरणीत लागला आणि तिकडेच काविळीने गेला. आम्ही पोचलो तेव्हा अग्नी देऊनसुद्धा झाला होता. घरात त्याचा एक फोटो नाही. रोज ओटा पुसताना जनी त्या पंजापाशी थांबायची.

"नुसती माती लिंपतो," मी म्हटलं. "शूटिंग झालं की धुवून देतो. शब्द देतो तुला."

पण गुळगुळीत सिमेंटवर माती धरते थोडीच! दोनदा लिंपली, दोनदा सुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी शूटिंगचे घोडे यायचे होते. साहेब आला, ओट्याकडे बघून घड्याळ बघत निघून गेला. माझं डोकंच फिरलं. अशा वेळी गवंडी छिन्नीने टाचे मारतो, म्हणजे बारीक खड्डे पाडतो, त्यात माती पकडते. जनी पाण्याला गेली होती. म्हटलं, पंजा सोडून भोवताली मारू, तिला कळायचंही नाही.

चौथ्या घावाला अख्खा कोपरा सुटला आणि खाली आपटून फुटला.

सिमेंटखाली जुन्या सारवणाचा थर तसाच होता. लोकांच्या घरी खरवडून, टाचे मारल्याशिवाय मी कधी गिलावा केला नाही. स्वतःच्या घरी तेवढी घाई केली होती.

जनी आली. हंडा उतरवलान, सूप आणलान, तुकडे वेचलेन. तीन बोटं सापडली. तळवा नाहीच. मी तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडलो. ती म्हणाली, "लावा आता माती. लोक खोळंबलेत."

मी लावली. पहिल्याच हाताला धरली.

पुढल्या वर्षी सरपंचाकडे सगळी वाडी टीव्हीसमोर बसली. आमचा ओटा दिसला, त्यावर भाला घेतलेला शिपाई बसला होता. पोरंसोरं टाळ्या पिटायला लागली. सरपंच म्हणाला, "रावजी, काय हुबेहूब जुनं केलंस रे!"

जनी ओटा पडद्यावरून जाईपर्यंत बघत राहिली.

"होय," ती म्हणाली. "या घरात पोर कधी नव्हतंच, असं दिसतंय."