खोटा फोन कोण धरणार?

हर्षालीने व्हरांड्यातल्या चपला मोजल्या. एकवीस जोड. भाजीपाला संघाच्या बैठकीला एरवी तीनदा निरोप धाडला तरी सात माणसं जमायची, तीही चहाच्या सुमारास. आज दहाची वेळ होती आणि साडेनऊलाच खुर्च्या भरल्या होत्या. इचोड्याच्या माणसाला चर्चेचं बोलावणं पोचत नाही, तमाशाचं मात्र आपोआप पोचतं. आज तमाशा हर्षालीचा होता.

झालं होतं असं, की गेल्या हंगामात कुणीतरी फोनवर 'गुडीहत्नूरहून बोलून राह्यलो' म्हणून नागपूरच्या ट्रकमधली सगळी जागा धरली, आणि खऱ्या गुडीहत्नूरचे टमाटे हायवेच्या कडेला तापत राहिले. तेव्हा हर्षाली म्हणाली होती, "मी असा सर्व्हर करून देतो, की ओळख पटल्याबिगर दारच उघडणार नाही." बोलून गेली, आणि हैदराबादची नोकरी सोडून आलीसुद्धा. आठ महिने झाले. काल संघाचे अध्यक्ष दादाजी यांनी आजच्या परीक्षेची अट सांगून टाकली होती. परीक्षा पास, तर सोमवारपासून ट्रकची नोंदणी तिच्या सर्व्हरवर, नापास, तर बाहेरच्या कंपनीचा तयार सर्व्हर, "अन् तू तुह्या नोकरीले मोकळी."

आठ महिन्यांची झोप आणि इचोड्यातला मुक्काम, दोन्ही आज एका भिंतीवरच्या टीव्हीला टांगलेलं होतं. तरी उत्साहाने तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"पाहा," ती टीव्हीपुढे उभी राहिली. "शेतकऱ्याच्या फोनात एक प्रमाणपत्र. त्याच्यावर गावप्रमुखाची सही. गावप्रमुखाच्या प्रमाणपत्रावर संघाची सही. सर्व्हर खालून एक-एक कडी तपासत वर चढतो. संघाच्या सहीपर्यंत पोचला, की दार उघडलं. मधात एक कडी जरी खोटी निघाली, की परत!"

"म्हंजे तस्दीक," दादाजी म्हणाले. "गावच्या पटेलानं कास्तकाराले ओळखावं, तहसीलदारानं पटेलाले."

"बरोब्बर! फक्त याले चहा पाजून फायदा नाही."

लोक हसले. हर्षालीने दोन फोन वर धरले. एकाच दुकानातले, जुळ्या भावांसारखे. दोन्हींत नाव तेच, 'गुडीहत्नूर'. एकात खऱ्या सह्यांची साखळी होती. दुसऱ्यासाठी तिने घरी बसून अख्खा खोटा संघ उभा केला होता. नाव तेच, गाव तेच, सही तेवढी दुसऱ्याची. खऱ्यावर तिने हिरवी चिकटपट्टी लावली, खोट्यावर लाल.

"हिरवा आत गेला पाह्यजे, लाल परत आला पाह्यजे. दोन्ही झालं तरच पास. नुसतं आत जाण्यात काय आहे? दार सताड उघडं असलं तरी माणूस आत जातोच."

हिरव्यासाठी सात हात पुढे आले. तो तिने वडिलांच्या, चंपतरावांच्या हातात ठेवला. मग लाल फोन पुढे केला, आणि खोलीतले सगळे एकदम छताचा पंखा पाहू लागले.

"काका, तुमी?"

"मले गुडघ्याचा त्रास हाय."

"फोन बोटानं दाबाचा हाय, काका."

"तरी."

वांग्याची बाग असलेल्या गयाबाईंनी पदर खोचत हिशोब मांडला, "भर सभेत दारातून परत कोन जाईन, पोरी? लग्नात पंगतीतून उठवल्यावानी होते थे."

हे हर्षालीच्या परीक्षेच्या यादीत कुठेच नव्हतं. शेवटी दादाजींनी फैसला दिला. नाव गुडीहत्नूरचं, तर फोन गुडीहत्नूरच्या प्रमुखाने धरावा. म्हणजे उद्धवरावांनी. उद्धवरावांचा चेहरा उतरला. त्यांची मुलगी चंदा दादाजींच्या घरी, नार्नूरला दिलेली. मुलीचा बाप, समोर व्याही, आणि दारातून परत! पण व्याह्याचा शब्द मोडता येईना. त्यांनी लाल फोन विंचू धरावा तसा धरला.

तेवढ्यात चहा आला. टीव्हीची वायर सैल झाली म्हणून हर्षाली पाठ फिरवून वाकली. चंपतरावांनी बशी घ्यायला फोन टेबलावर ठेवला. एवढाच काय तो वेळ गेला.

"हं, दाबा! आधी लाल!"

उद्धवरावांनी दाबलं. टीव्हीवर अक्षरं उमटली: 'या, गुडीहत्नूर.'

हर्षाली टीव्हीच्या आणखी जवळ गेली. खोटा फोन आत? घरी चाळीस वेळा परत आलेला खोटा फोन?

"आत्ता हिरवा, बाबा. लवकर!"

चंपतरावांनी दाबलं. 'परत जा. ओळख पटली नाही.'

खोलीत एकच हशा फुटला. "पोरीनं बापालेच हाकललं!" "आठ महिने घरचं जेवून बापाले ओळखत नाही!" उद्धवराव सगळ्यात मोठ्याने म्हणाले, "खोटा तर सरळ आत गेला गा! माह्या फोनाले तर 'या' म्हनलं!" आणि ऐटीत व्याह्याकडे पाहिलं.

दादाजींनी चष्म्याचं घर उघडलं. त्यांनी चष्मा घरात ठेवला की बैठक संपते, हे संघात सगळ्यांना पाठ होतं. "उलटंच झालं, पोरी," ते हळूच म्हणाले.

"थांबा! दोन मिनिटं. चष्मा ठेवू नका, दादाजी!"

ती लॅपटॉपवर झेपावली. सर्व्हर दाराशी आलेल्या प्रत्येकाची नोंद ठेवतो, आणि प्रत्येक प्रमाणपत्राला स्वतःचा क्रमांक असतो. तिने वहीत सकाळीच लिहून ठेवलं होतं: खरं एक्केचाळीस, खोटं सत्त्याण्णव. नोंद उघडली.

एक्केचाळीस: साखळी पूर्ण, आत. सत्त्याण्णव: सही करणारा अनोळखी, परत.

तिने पुन्हा वाचलं. मग खुर्चीवरून उडालीच.

"बरोबर आहे! सर्व्हर बरोबर आहे! खरा आत गेला, खोटा परत आला. चुकल्या त्या पट्ट्या! कोणीतरी पट्ट्या बदलल्या!"

तिने दोन्ही फोनांतले क्रमांक टीव्हीवर उघडून दाखवले. लाल पट्टीखाली एक्केचाळीस, हिरवीखाली सत्त्याण्णव.

आता एकवीस माणसं एकमेकांकडे पाहू लागली. कुणी बदलल्या हे हर्षालीला कळलं होतं, पण चंदाताईच्या सासऱ्यासमोर तोंड उघडवेना. गयाबाईंना तसली अडचण नव्हती. त्यांनी सरळ उद्धवरावांचा उजवा हात धरून उजेडात नेला. अंगठ्याच्या नखात लाल चिकटपट्टीचा तुकडा अडकला होता.

"काऊन वो उद्धवराव, मेंदी लावली काय?"

उद्धवराव व्याह्याकडे न बघता, बशीतल्या चहाला उद्देशून म्हणाले, "इवायासमोर परत जानं बरं दिसते काय?"

दादाजी आधी गंभीर राहिले. मग त्यांचं पोट हललं, मग खांदे, आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसले. "इवाई, लग्नापासून तीन वर्सांत मी तुमाले एका शब्दानं टोकलं नाही. या सर्व्हरनं पाहा, पट्टी नाही पाह्यली, मान नाही पाह्यला, सही पाह्यली. आपल्याले असाच बिनमुलाहिज्याचा पाह्यजे. सोमवारपासून याच्यावरच नोंदणी. लिहून घ्या."

हर्षालीने टेबलाची कड घट्ट धरली, नाहीतर ती नाचली असती.

चष्मा नाकावरच राहिला, त्यामुळे बैठक काही संपेना. गयाबाई म्हणाल्या, "आण तो खोटा. मी फसवून दाखवतो त्याले." त्यांनी नमस्कार करून दाबलं. 'परत जा.' टाळ्या! गुडघेवाल्या काकांनी डाव्या हाताने दाबलं. 'परत जा.' पुन्हा टाळ्या. मघाशी ज्याला कुणी शिवत नव्हतं, त्या फोनासाठी रांग लागली, आणि रांगेत धक्काबुक्की.

"सरका, सरका!" उद्धवराव कोपराने वाट काढत होते. "माह्या गावाचं नाव हाय त्याच्यावर. पयला हक्क माहा!"

हर्षाली मात्र खरा फोन घेऊन वडिलांकडे गेली. "बाबा, आता तुमी."

चंपतरावांनी हात धोतराला पुसला, आणि उघडेल की नाही अशा शंकेने एका बोटाने दाबलं.

'या.'

"पाहा," ते शेजारच्याला म्हणाले, "ओळखलं."