तीनदा धुतलेले कागद

बाईंनी जुन्या वह्यांचा गठ्ठा टेबलावर आपटला आणि उडालेल्या धुळीने स्वतःच शिंकल्या.

"सतरा नंबरची शोधा, मामा. आज त्या पोरीचं पितळ उघडं पाडते."

मामा प्रयोगशाळेतले जुने सहायक. पुढच्या महिन्यात निवृत्त होणार असल्यामुळे त्यांना कशाचीच घाई नव्हती. एकेक वही पुसत त्यांनी शोध चालवला.

पोरगी म्हणजे बाईंची एकेकाळची विद्यार्थिनी. मेंदूतल्या एका रिसेप्टरपायी, म्हणजे औषध जिथे चिकटतं त्या प्रथिनापायी, बाईंनी सव्वीस वर्षं हाडाची काडं केली होती, आणि त्याच रिसेप्टरवर औषध चिकटायची दुसरी जागा शोधल्याबद्दल पारितोषिक मिळालं पोरीला! बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला होता. सकाळपासून ज्याचा त्याचा फोन: "तुमचीच ना ती?" प्रत्येक वेळी 'हो' म्हणताना जीभ अडखळत होती. ती दुसरी जागा आपल्या सतरा नंबरच्या वहीत कधीच दिसली होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं. निवड समितीला पाठवायचं तक्रारीचं पत्र तयार होतं. फक्त पानाचा फोटो जोडायचा राहिला होता.

पान सापडलं. आलेखावर मोठ्या उंचवट्याशेजारी एक छोटा उंचवटा, दुसऱ्या जागेची खूण, पोरीच्या शोधनिबंधात होता तसाच.

"बघा! माझ्या वहीतून उचललंय. आता कुठे तोंड लपवते बघू."

मग त्यांनी चष्मा सारखा केला. छोट्या उंचवट्यावर लाल शाईची भलीमोठी फुली होती. खाली त्यांचंच तिरपं अक्षर: 'गाळणकागद नीट धुतलेले नाहीत. राहिलेल्या औषधामुळे खोटा उंचवटा. मामांना समज दिली.'

त्याखाली पेन्सिलीने, पोरीच्या अक्षरात, भीत भीत लिहिल्यासारखं: 'बाई, मी पुन्हा करून बघू का?'

आणि परत लाल शाईत: 'नको.'

बाईंचा हात पानावर तसाच राहिला. मामा त्यांच्या खांद्यामागून वाचत होते.

"फोटो काढायचा ना?" त्यांनी विचारलं.

"नको."

बाईंनी वही मिटली. पत्राची घडी घातली, आणखी एक घातली, मग ते फाडलं.

मामा बाकीच्या वह्या कपाटात लावू लागले.

"मी तेव्हाही कागद नेमाप्रमाणे तीनदा धुतले होते, बाई," पाठमोरेच ते म्हणाले.