ट्रामवाल्यांच्या बायकांचं वय

मी एक जुनी, हातानं फिरवायची हिशेबाची मशीन आहे. हसू नका, मित्रांनो! मला वीज लागत नाही. कुशीत एक दांडा आहे, तो फिरवला की पोटातली दातेरी चाकं कुरकुरतात आणि वरच्या खिडक्यांत उत्तर उमटतं. कुरकुर करायची खोड जन्मापासूनचीच. पण माझं उत्तर चुकलं असं म्हणायची आजवर कुणाची टाप झाली नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, एखाद्या बँकेत काचेमागे दिमाखात बसेन. कसलं काय! नशिबी आली वरच्या मजल्यावरची खोली, एक डुगडुगणारं टेबल आणि विमागणिती. विमागणिती म्हणजे माणसं साधारण किती जगतात, किती आजारी पडतात याचा अंदाज बांधून विम्याचा हप्ता ठरवणारी मंडळी. पेन्शनच्या निधीत आज किती टाकलं म्हणजे पुढे तो कोरडा पडणार नाही, हेही तेच सांगतात. पेन्शनचा कायदा करताना सरकारसुद्धा त्यांचा सल्ला घेतं. आणि गंमत बघा, एकट्या माणसाचं विचारलंत तर ते चक्क कानाला हात लावतात. त्यांना कळतं ते हजारोंचं मिळून.

माझा दांडा असायचा एका बाईंच्या हातात. त्यांचे वडील ट्राम चालवायचे. त्या वर्षी ट्राम कामगारांच्या पेन्शनचा कायदा होऊ घातला होता. कामगार वारला तर त्याच्या बायकोला अर्धी पेन्शन हयातभर मिळणार होती. हिशेब केला होता बाईंच्या वरिष्ठांनी, थोरल्या साहेबांनी. सगळं ठरल्यासारखंच होतं.

एका सकाळी बाई आल्या त्या तडक साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, काल बाबांच्या डेपोत एकाचा निरोपसमारंभ होता. पुरुष सगळे पांढऱ्या केसांचे आणि त्यांच्या बायकांचे केस काळेभोर!"

"रंग लावला असेल," साहेब म्हणाले.

"माझ्या आईनं नाही लावलेला. ती बाबांपेक्षा चांगली लहान आहे. आणि आपण हिशेबात नवरा-बायकोचं वय एकच धरलंय."

साहेबांचं हसू मावळलं. वय एकच धरायची तेव्हा पद्धतच होती. दोन वेगळी वयं धरायची तर माझा दांडा कितीतरी जास्त फिरवावा लागे, मनगटं भरून येत. पण बायका लहान, म्हणजे नवऱ्यांच्या मागे त्या पुष्कळ वर्षं जगणार. त्यांच्या आधी निधीच आटणार!

बाईंनी हिशेब नव्यानं मांडला. पण साहेब म्हणाले, "तुझे आईबाबा यातच आहेत. तुझ्या एकटीच्या सहीवर हे जाणार नाही." मग बाईंचं उत्तर न बघता, मला आपल्या खोलीत नेऊन, त्यांनी पहिल्यापासून सगळं पुन्हा केलं. माझं कंबरडं मोडायची वेळ आली, पण उत्तर तेच आलं. साहेबांनी तिथल्या तिथे सरकारला कळवलं, "आधीची चूक माझी." त्या वयात, एवढ्या नावलौकिकाच्या माणसानं असं लिहायला छाती लागते हो! मला तर त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटला.

सरकारी अधिकारी वैतागले. मग त्यांनीच तोड काढली. "विधवांची पेन्शन दहा वर्षांनी बंद करा. आज कोण ओरडणार आहे?"

बाईंचा चेहरा लाल झाला. "दहा वर्षांनी त्या म्हाताऱ्या होतील आणि तेव्हाच हात आखडता घ्यायचा? दुसरा रस्ता आहे. कामगारांनी स्वतःची पेन्शन थोडी कमी घ्यायची. आधी त्यांना विचारू तरी!"

बाई डेपोत गेल्या. कुणी आकडा विचारलाच तर असावी म्हणून मलाही पिशवीत कोंबलं होतं. डेपोत तेलाचा वास आणि संतापलेली माणसं. सगळ्यांत मोठा आवाज बाईंच्या वडिलांचा.

"बघा रे! माझी पोर माझ्याच ताटातला घास काढायला आलीय!"

बाईंना ते लागलं. पण त्या मागे हटल्या नाहीत. म्हणाल्या, "एकच विचारते. कुणाकुणाची बायको वयानं मोठी आहे? हात वर करा."

मागून एका धिप्पाड मेकॅनिकचा हात वर गेला. "तरीच तू घरी गप्प असतोस!" कुणीतरी ओरडलं आणि सगळा डेपो खिदळला.

"बाकीच्यांनी ऐका," बाई म्हणाल्या. "तुम्ही नसाल तेव्हाही तुमची बायको बरीच वर्षं असणार आहे. दहा वर्षांनी पेन्शन थांबली तर तिनं कुणाकडे बघायचं? ते आज तुम्ही ठरवायचंय."

कुणी हसलं नाही. बाईंचे वडील गर्दीतून पुढे आले. म्हणाले, "माझी कमी कर. पण तुझ्या आईची हयातभर राहू दे."

त्यांचा हात वर गेला. मग शेजारच्याचा, मग बहुतेक सगळ्यांचा. चारदोघं धुसफुसत राहिले, तेवढं चालायचंच. कायदा तसाच झाला.

पुढे विजेवरची यंत्रं आली आणि मी कपाटावर गेले. माझ्यावर धुळीचा थर चढला, दांडा गंजला. साहेब गेले, बाईंचे वडीलही गेले. मला कुणी हात लावेना, याचं वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू?

परवा मात्र बाईंच्या आई कचेरीत आल्या, हयातीचा दाखला द्यायला. पेन्शनवाल्यांना तो दरवर्षी द्यावा लागतो. आता बाईंचेच केस पांढरे झालेत, तर आईंचं काय विचारता! बाईंनी सहज आयुर्मानाचं तेव्हाचं जुनं कोष्टक उघडलं आणि हसत सुटल्या.

"आई, आमच्या कोष्टकाच्या शेवटच्या ओळीत कुणीच उरत नाही असं धरतात. तू तर तीही ओलांडलीस ग!"

म्हातारी घाबरली. "म्हणजे आता बंद करणार?"

बाईंनी तिचा हात घट्ट धरला. "कोण बंद करतंय? हयातभर म्हणजे हयातभर."

मित्रांनो, मला तेलाचा एखादा थेंब द्या, पुष्कळ झालं. पण उद्या तुम्ही मोठे होऊन असले कायदे कराल, तेव्हा एवढं करा. ज्या म्हाताऱ्या बाईला तुम्ही कधी पाहिलेलं नाही, तीसुद्धा खूप जगेल असंच धरून चाला.