गंजलेले झाकण आणि लाल बटण

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, मित्रांनो. माझ्यासारख्याने स्वतःविषयी बोलावे असे फारसे काही नाही. कंटाळा आला तर मध्येच उठून गेलात तरी मला राग यायचा नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या झाकणावर निळी फुले होती. शिवणकाम करणाऱ्या एका आईच्या घरी मी बटणे सांभाळू लागलो. तिची लेक पुढे मानसशास्त्राची प्राध्यापक झाली आणि मला आपल्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. तिला सगळे बाई म्हणत. तिथे माझ्या पोटात दोनच रंग उरले. लाल आणि पांढरी बटणे, सारख्या आकाराची, सारख्या संख्येची.

प्रयोगाला आलेल्याने डोळे मिटून माझ्यात हात घालायचा. लाल बटण आले तर एक गट, पांढरे आले तर दुसरा. बाई म्हणत, "माणूस निवडायला बसला की त्याचं मन लुडबुड करतं. बटणाला कोणी लाडकं नसतं." हे ऐकून मी उगाच फुलून जाई.

शांत श्वासाचा छोटासा व्यायाम केला तर शब्द जास्त लक्षात राहतात, असे बाईंना मनापासून वाटे. तेच तपासायचे होते. लाल गटाने व्यायाम करायचा, पांढऱ्याने नुसते बसायचे. खोली, खुर्ची, शब्द, सारे तेच. म्हणजे फरक पडलाच तर तो व्यायामाचा.

निवृत्तीआधीचा हा त्यांचा शेवटचा प्रयोग. नेमक्या तेव्हाच त्या आजारी पडल्या आणि काम त्यांच्या तरुण सहायिकेवर आले. बाई परतल्या तेव्हा निकाल तयार होता. व्यायामाचा गट कितीतरी पुढे!

"आता सगळ्या शाळांत तुमचाच व्यायाम," विभागप्रमुख म्हणाले. "आम्हाला ओळख तरी द्याल ना?"

बाई हसत हसत मला उघडायला गेल्या. झाकण हलेना. गंजून चिकटले होते. त्यांचे हसू विरले.

"अगं, बटणं कशातून काढलीस?"

"झाकण निघेचना, बाई. मग लवकर येतील त्यांना व्यायाम दिला. उशिरा येणाऱ्यांना तेवढा वेळच नसायचा. गट सारखेच झालेत की!"

"संख्येने झाले गं. पण वेळेवर येणारा मुळातच नीटनेटका असला तर? शब्द व्यायामाने लक्षात राहिले की त्याच्या स्वभावाने, कसं सांगशील?"

सहायिका रडकुंडीला आली. "मी सगळी माती केली. पण बाई, कोणाला कळणार आहे?"

"आपल्या दोघींना कळलंय. तेवढं पुरे."

बाईंनी पेचकसाने माझे झाकण उचकटले. दोन फुले खरवडली गेली. मला दुखले असेल, पण आठवत नाही. मी त्यांच्याकडेच बघत होतो. नवी माणसे बोलावून त्यांनी पहिल्यापासून प्रयोग केला. या वेळी फरक नखाएवढाही निघाला नाही. त्यांनी अहवालात तसेच लिहिले.

"हातातोंडाशी आलेला घास घालवलात," विभागप्रमुख हळहळले.

"माझा नव्हताच तो," बाई म्हणाल्या. त्यांनी माझे झाकण अलगद लावले. इतके मोठे माणूस मी पुन्हा पाहिले नाही.

आता ती सहायिकाच बाई झाली आहे. आठवण ठेवून माझ्या कडांना तेल लावते.

मित्रांनो, मला कौतुक नको, कपाटात मानाची जागा नको. थेंबभर तेल तेवढे लावत जा. तुमचे सर्वांत लाडके म्हणणे खरे की खोटे, हे एखाद्या दिवशी माझ्यात हात घालूनच विचारावे लागेल. तेव्हा मी उघडायला हवा.