धुऱ्याचा दगड सरकला

मी नांदगाव खंडेश्वरजवळच्या एका धुऱ्यावरचा काळा दगड बोलतोय. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. माझ्यावर एकच आरोप आहे, मी सरकलो. आरोप खरा आहे.

माझा जन्म साधारण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा. नक्की वार सांगता येत नाही, याची खंत आहे. तेव्हा हा सारा मुलूख विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि समुद्रातून उत्तरेकडे निघाला होता. जमिनीला भेगा पडल्या, लाव्हा वर आला, थरावर थर साचून थंड झाले. त्यातल्याच एका थरात मी. म्हणजे जन्मलो तोच प्रवासात.

पृथ्वीचं कवच अखंड नाही. त्याच्या प्रचंड तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. आपला भूपट्ट अजूनही ईशान्येकडे चाललाय, वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर. चार वर्षांत जवळजवळ वीतभर.

मला इथे रोवलं ते खुशालराव आणि नत्थुजी या दोन शेजाऱ्यांच्या वडिलांनी. ईशान्येचं वावर खुशालरावांचं, नैर्ऋत्येचं नत्थुजींचं. रोज दुपारी दोघं मला दोन बाजूंनी टेकून भाकरी खात. ठेचा नत्थुजींकडचा, कांदा खुशालरावांकडचा. तीस वर्षांत दोनदाच खंड पडला, दोन्ही वेळा खुशालरावांची दाढ दुखत होती.

यंदा नत्थुजींनी पावलाला पाऊल लावून वावर मोजलं. दोन पावलं कमी भरली. त्या दिवशी त्यांच्या पायांत लेकाने आणलेले नवे, मोठ्या मापाचे बूट होते. मी पाहिलं होतं, पण दगडाला कोण विचारतं?

"खुशालराव, दगड सरकवला तुमी."

"मी? माह्यानं सोताचं पोट सरकत नाई, दगड काय सरकवतो!"

"मंगळवारी उपटतोच याले. जाऊ दे गिट्टीच्या मशीनवर, होऊ दे खडी!"

त्या दिवसापासून भाकऱ्या दोन वेगळ्या झाडांखाली गेल्या.

मंगळवारी सकाळी साडेदहाला ट्रॅक्टर आला. माझ्या कमरेला साखळी बसली. तेवढ्यात खुशालरावांची दहावीतली नात आकांक्षा भूगोलाचं पुस्तक घेऊन धावत आली.

"थांबा! आबानं नाई सरकवला. जमीनच सरकून राहिली, ईशान्येकडं. चार वर्षांत वीतभर!"

"पाहा!" नत्थुजी ओरडले. "तुमची नातच कबूल झाली."

खुशालराव ईशान्येकडे वळले आणि चमकले. "थांबा. ईशान्येले त माह्यं वावर हाये. म्हंजे दगड माह्यात घुसला. नुकसान माह्यं झालं!"

"कोणाचंच नाई, आबा. दोन्ही वावरं संगच चालली. अमरावतीबी, अकोलाबी."

नत्थुजींनी हातातलं साखळीचं टोक खाली ठेवलं. "मंग आपलं वावर कोणाच्या वावरात घुसून राहिलं?"

"हिमालयाच्या पलीकडल्या. म्हून त हिमालय वर उठून राहिला."

दोघांनी माना उंचावून उत्तरेकडे पाहिलं.

"बाप्पा! एवढा मोठा धुरा!" खुशालराव म्हणाले.

"तिकडल्या माणसानं मोजणी आणली त?"

"दोघायचंबी नाव येईन."

"अन् आपण दगड उपटला, त पुरावा मिटवला म्हणतीन."

साखळी निघाली. ट्रॅक्टर रिकामा परत गेला. मग दोघांनी मिळून बाभळीचं जाडजूड लाकूड तोडलं आणि माझ्या ईशान्येच्या बाजूला तिरपं रोवून टेकू दिला. आपला भूपट्ट आता इथून पुढे जाणार नव्हता.

आकांक्षा काही बोलणार, तोच नत्थुजींनी तिच्या हातावर भाकरी ठेवली. वर ठेचा. ती खात बसली.

आता रोज दुपारी दोघं मला टेकतात.

"टेकू पक्का हाये ना, नत्थुजी?"

"हालत नाई."

कधी इकडे आलात तर बसा, कांदा मिळेल. फक्त एक विनंती आहे. तो टेकूही माझ्याबरोबर ईशान्येला चाललाय, वर्षाला पाच सेंटिमीटर. त्यांना सांगू नका.