चौथ्या मजल्याचं दार

"इथे फक्त सही करायची, मास्तर. वाचायचीसुद्धा गरज नाही," मॅनेजर म्हणाला आणि पेनाचं टोपण त्याने स्वतःच काढून दिलं.

मास्तरांनी मुद्दाम खिशातून चष्मा काढला, सावकाश पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. सव्वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस. अर्ध्या कंपनीला हातात पाना धरायला त्यांनी शिकवलं, म्हणून तर सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. आणि त्यांना म्हणे वाचायची गरज नाही! कागद छान टाइप केलेला होता. चौथ्या मजल्याच्या दाराचं लॉक व्यवस्थित होतं. संबंधित महिलेने घाईत दार जोराने ओढून उघडलं. लिफ्ट समोर आहे की नाही हे तिने पाहिलं नाही. खाली मास्तरांचा हुद्दा आणि सहीसाठी रेघ.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

लॉक कसलं व्यवस्थित! लिफ्ट समोर नसेल तर दार उघडू नये आणि दार नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलू नये, यासाठी दर मजल्यावर ते लॉक असतं. चौथ्या मजल्याचं पार झिजलं होतं. ना ते दार धरत होतं, ना लिफ्टला दार लागल्याचं कळवत होतं, म्हणून लिफ्ट अडून बसली होती. मास्तरांनी वीतभर वायर जोडून ते 'डायरेक्ट' केलं, म्हणजे दार लागलंय अशी लिफ्टची समजूत घातली. तपासण्यापुरतं हे सगळेच करतात. नंतर वायर काढायची, लिफ्ट बंद करायची आणि नवं लॉक येईपर्यंत पाटी लावून ठेवायची. पण नवं लॉक स्टोअरमध्ये नव्हतं, आणि तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला. चालू राहू द्या, लोक बोंब मारतायत, तुम्ही पुढच्या कामाला निघा. मास्तर निघाले. वायर तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका घरी पडद्यांची मापं घ्यायला आलेल्या टेलरबाईंनी परत जाताना ते दार उघडलं आणि आत पाऊल टाकलं. खालून लिफ्ट वर येत होती, तिच्या टपावर त्या पडल्या. जीव वाचला. उजवा हात लिफ्टच्या दोरांत सापडला आणि तीन बोटं गेली. अपघातानंतर तासाभरात नवं लॉक कुठून तरी बरोबर आलं, दुसऱ्याच माणसाने बसवलं, आणि मास्तरांना पंधरा दिवस घरी बसायला सांगण्यात आलं. ते पंधरा दिवस संपता संपता हा कागद त्यांच्यापुढे आला होता.

"तिला कोण तुरुंगात टाकणार आहे?" मॅनेजर समजावत होता. "घाईत होती, पडली, संपलं. तुम्ही भलतंसलतं लिहिलंत तर लायसन्स जाईल, वर केस होईल. वायर कोणी लावली? मी फक्त फोन केला होता."

मास्तरांनी सही केली नाही. नाही असंही म्हणाले नाहीत. कागदाची घडी घालून घरी घेऊन आले आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला. आजवर दोनशे वेळा तरी त्यांनी अशी वायर ठेवून रात्र काढली असेल. दोनशे वेळा ते हुशार कारागीर होते. दोनशे एकाव्या वेळी एका बाईने दार उघडलं, एवढाच काय तो फरक!

बायकोने कागद वाचला आणि सही करून मोकळे व्हा म्हणाली. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, आता कशाला नसती आफत ओढवून घ्यायची, असं तिचं म्हणणं.

"तुम्ही काय मुद्दाम केलंत?"

"मुद्दाम नाही केलं."

"मग झालं तर."

"अगं, पण मला माहीत होतं! असं होऊ शकतं हे मला पक्कं माहीत होतं."

ते इतक्या जोरात ओरडले की शेजारचा रेडिओ बंद झाला. बायको शांतपणे म्हणाली, "ओरडा माझ्यावर. साहेबासमोर मूग गिळून बसलात ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी अधिकाऱ्याच्या ऑफिसात चौकशी होती. एक टेबल, टायपिंग करणारा क्लार्क, भिंतीला लावलेल्या खुर्च्या. टेलरबाई मुलीला घेऊन आल्या होत्या. उजवा हात मनगटापर्यंत बँडेजमध्ये. आधी त्यांचा जबाब झाला. त्या खाली मान घालून सांगत होत्या की चूक त्यांचीच होती, त्या घाईत होत्या, दार त्यांनीच ओढलं असणार, कंपनीच्या साहेबांनी दवाखान्यात येऊन सगळं नीट समजावून सांगितलं. आपल्यामुळे इमारतीतल्या लोकांना जिने चढावे लागले म्हणून त्यांनी माफीही मागितली. मॅनेजर हळहळल्यासारखी मान हलवत होता. निर्लज्जपणाची हद्द झाली. क्लार्कने जबाबाचा कागद छापून त्यांच्यापुढे ठेवला.

मास्तर ताडकन उठले.

"हे खोटं आहे. बाई, ते दार कोणीही करंगळीने उघडलं असतं. लॉक मी डायरेक्ट केलं होतं."

"मास्तर, बसा खाली," मॅनेजर म्हणाला.

"सव्वीस वर्षं उभ्यानेच काम केलंय." ते अधिकाऱ्याकडे वळले. "लिहून घ्या. चालू ठेवा असा फोन यांनी केला, त्याचं काय ते यांना विचारा. पण वायर लावली मी, आणि ठेवून गेलो तोही मीच. काय होऊ शकतं ते मला ठाऊक होतं."

छातीवरचं ओझं उतरल्यासारखं मास्तरांना वाटलं. बाई आता निदान चार बरे शब्द बोलतील, असंही कुठेतरी मनात येऊन गेलं, आणि लगेच त्याची लाज वाटली.

बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली.

"पंधरा दिवस मी सगळ्यांची माफी मागतेय," त्या म्हणाल्या. "ह्या पोरीची मागितली, तिला आता शिवण कोण शिकवणार म्हणून. ह्या साहेबांची मागितली. आणि तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"मग पंधरा दिवस होतात कुठे?"

मास्तरांना रजेवर पाठवलं होतं, हे खरं होतं. पण दवाखान्याचा रस्ता कोणी अडवला नव्हता, हेही तितकंच खरं होतं. वायरचं पाप फोनबरोबर वाटून घेता आलं असतं. हे कुणाबरोबर वाटणार?

अधिकाऱ्याने घसा साफ केला. जबाबातलं वाक्य बदलायचं असेल तर बाईंनी ते स्वतःच्या हाताने खोडावं लागेल, असं त्याने सांगितलं. बाईंनी डाव्या हातात पेन घेतलं. कागद टेबलावर सरकू लागला. मास्तर नकळत पुढे झाले आणि कागदाची कड धरायला त्यांनी हात पुढे केला.

"हात काढा," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी हात मागे घेतला. बाईंनी बँडेजचा हात उचलून कागदावर टेकवला, ओठ घट्ट आवळले आणि 'माझीच चूक' या शब्दांवरून रेघ ओढली. रेघ वाकडी गेली. त्यांनी तिच्यावरूनच दुसरी ओढली.