जागा दोनच माणसांची

मी एक गाडी बोलतेय. दोन दरवाज्यांची, दोन सीटची आणि जमिनीला इतकी लागून की माझ्यात कोणी बसत नाही, विहिरीत उतरावं तसं उतरतं. माझा रंग पिकल्या करवंदासारखा आहे, सावलीत काळा आणि उन्हात जांभळा. माझं इंजिन पुढे नाही, अगदी मागेही नाही. बसणाऱ्याच्या पाठीला टेकून, दोन्ही चाकांच्या जोड्यांच्या मध्ये ते आहे. त्यामुळे मी काय म्हणते ते माझ्यातल्या माणसाला कानापेक्षा पाठीनेच जास्त कळतं.

जन्म दूरच्या थंड मुलुखातला. तिथलं फारसं आठवत नाही. पांढरा उजेड, हातमोजे घातलेले हात आणि मग बोटीच्या पोटातला लांबलचक काळोख. त्या काळोखात मी डुलत होते. अजूनही कधी शेडमध्ये उभी असताना वारा सुटला की वाटतं, आपण पाण्यावरच आहोत आणि किनारा यायचा आहे.

किनारा आला तो मुंबईचा. विपुल नावाच्या एका हौशी माणसाने मला घरी नेलं. मुरबाडजवळ त्याचा बंगला होता. रविवारी पहाटे आम्ही निघायचो आणि डोंगरांच्या कडा दिसायला लागल्या की तो गाणं बंद करून नुसतं मला ऐकायचा. सुखाचे दिवस होते. मग त्याच्या कमरेने दगा दिला. माझ्यात उतरणं जमायचं, वर येणं जमेना. एकदा तर बंगल्याच्या माळ्याने त्याला काखेत हात घालून उपसलं. आमच्या जातीच्या गाड्यांना लोक डोळ्यांनी विकत घेतात आणि कमरेने विकतात.

विकायची जबाबदारी त्याने स्वरूपवर टाकली. किन्हवलीच्या अलीकडे रस्त्यालगत स्वरूपचं गॅरेज आहे, मागे घर आणि घराला लागून शेड. "घाई नाही," विपुल म्हणाला, "नीट ठेवेल असा माणूस भेटला तरच द्यायची." त्याने माझ्या छतावरून एकदा हात फिरवला आणि दुसऱ्याच्या उंच गाडीत बसून निघून गेला.

शेडमध्ये पूर्वी बैलगाडी असायची. शेजारी एक म्हैस होती. पहिल्या दिवशी तिने मला हुंगलं, मी तिला हुंगलं, आणि आमचं दोघींचं ठरलं की एकमेकींच्या भानगडीत पडायचं नाही.

स्वरूपने मला जसं ठेवलं तसं कारखान्यानेही ठेवलं नसेल. उन्हात कधी धुतलं नाही. पुसायला त्याच्या आईचं जुनं मऊ लुगडं. उभी राहिलेली गाडी उभ्या उभ्या बिघडते, हे त्याला पक्कं ठाऊक. म्हणून तो दर आठवड्याला मला बाहेर काढायचा, काळू नदीच्या पुलापर्यंत न्यायचा आणि परत आणायचा.

शेजारची सीट कोणाची, हा घरातला पहिला प्रश्न. स्वरूपचे वडील नथू एकदा बसले, पण त्यांचे गुडघे हनुवटीला लागले. शेजारच्या सकुबाई हौसेने उतरल्या आणि त्यांना बाहेर काढायला म्हैस बांधायची जागा मोकळी करावी लागली. त्यानंतर ती सीट रिकामीच जायची. मग स्वरूपचं लग्न झालं आणि राही आली.

राही डोळखांबकडची. बोलायला कमी, बघायला जास्त. बघता बघता ओठांच्या एका कोपऱ्यात हसू ठेवायची आणि कोणी पाहिलं की पदराआड न्यायची. घर माणसांनी भरलेलं. भिंतीपलीकडे दीर, पडवीत सासरे, ओट्यावर सकुबाई, आणि टीव्ही सगळ्यांच्या वर. नव्या नवराबायकोने दोन शब्द बोलायचे तर तिसऱ्याने ऐकून चौथ्याला सांगितलेले असायचे.

"जा गो राही, बस त्याच्यासंगं," सासूबाई बाईजा म्हणाल्या. "ती खुर्ची रिकामी फिरते ते बरं नाय दिसत."

"एवढी मोठी गाडी आन् जागा दोघांचीच," सकुबाईंनी ओट्यावरून टाकलं. "पोरं कुठं घालायची रे स्वरूप? टपावर?"

"आधी गाडी विकू दे मावशी, मग बघू," स्वरूप म्हणाला. राहीने मान खाली घातली, पण हसू मला दिसलं.

पहिले काही आठवडे ती दोघं माझ्यात बसून नुसती पुलापर्यंत गेली आणि आली. शेतात वाल फुलला होता. पलीकडे माहुलीचे सुळके धुक्यात अर्धे बुडालेले असायचे, जणू कोणी ते कागदावर काढून पुसले होते. कोणी बोलत नव्हतं. मीच काय ती गुणगुणत होते.

एका सकाळी स्वरूपने विचारलं, "पाठीला गरम लागतंय का?"

"नाही. बरं वाटतंय," राही म्हणाली.

माझ्यात बोलले गेलेले त्यांचे ते पहिले शब्द. मग पुढच्या खेपेला तिने माहेरच्या नागलीच्या शेताचं सांगितलं. त्याने सांगितलं की लहानपणी तो आवाजावरून गाडी ओळखायचा आणि पैज जिंकून पेरू खायचा. म्हसा गावच्या जत्रेच्या दिवसांत ती दोघं पुलावरून माघारी फिरलीच नाहीत. सरळ जत्रेला गेली. मला बैलांच्या बाजाराजवळ उभं केलं. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने माझ्या चाकांवर थोपटून, जबडा बघावा तसा पुढचा भाग निरखला आणि "दात नवे हायत," असा निर्वाळा दिला. राही हसली ती परत येईपर्यंत हसत होती.

त्या थंडीत बाईजांनी माझ्या पुढच्या बॉनेटवर गोधडी घालायला सुरुवात केली. इंजिनाला गारठा बाधू नये म्हणून. गोधडीखाली रिकाम्या डिकीशिवाय काही नव्हतं. राहीला ते माहीत होतं, पण नव्या सुनेने सासूच्या मायेत चूक काढायची नसते. ती रोज सकाळी गोधडीची घडी करायची आणि तिच्या ओठांचा तो कोपरा थोडा वर जायचा.

मला बघायला माणसं येतच होती. कोणी फोटो काढून गेलं. कोणी दार उघडून वास घेतला आणि विचारलं, "ॲव्हरेज किती देते?" खरं सांगते, अशा वेळी जमिनीत शिरावंसं वाटतं, आणि मी तशी निम्मी शिरलेलीच असते. एकाने बायकोला सोबत आणलं होतं. ती बाई म्हणाली, "ह्याच्यात सासूबाईंना कुठे बसवणार?" नवऱ्याच्या नजरेत मला वेगळाच आनंद दिसला. बायकोलाही दिसला असावा. ते परत आले नाहीत.

पळस फुलले तेव्हा पुण्याचे एक साहेब आले. पांढऱ्या कपड्यांनिशी ते सरळ जमिनीवर पाठ टेकून माझ्याखाली सरकले. बाहेर आले तेव्हा बोट बघत होते. बोटाला धूळ नव्हती.

"कोण बघतं हिला?"

"मीच," स्वरूप म्हणाला.

"माझ्याकडे अशा आणखी आहेत. गाडी घेतो. पण तुम्हीही चला तिच्याबरोबर. गॅरेजवर खोली आहे. एकट्या माणसाला पुरेशी."

स्वरूपच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी ओळखते. रस्ता मोकळा दिसला की माझंही तसंच होतं. अशा गाड्या रोज हाताखाली असणं हे त्याचं स्वप्न होतं, आणि त्यात गैर काही नव्हतं.

त्याने आईला विचारलं. वडिलांना विचारलं. कल्याणच्या मनोजला, त्याच्या मित्राला, फोन लावून बराच वेळ विचारलं. सगळे म्हणाले, जा. राही चहाचे कप घेऊन आत-बाहेर करत होती. तिला कोणी काही विचारलं नाही.

त्या आठवड्यात ती दोघं पुलापर्यंत गेली. मोहाच्या फुलांचा गोड, जड वास खिडकीतून आत येत होता. स्वरूप पुण्याचंच बोलत होता. तिथली गाडी उचलायची लिफ्ट, तिथली हत्यारं. "वर्षभर बघू. तुझ्यासोबत आई आहेच ना," तो म्हणाला. राहीची पाठ माझ्या पाठीला टेकलेली होती. मला कळत होतं की तिच्याकडे एक वाक्य तयार आहे. पुलापर्यंत ते तिच्या ओठांशी आलं, आणि परतीच्या वाटेवर हळूहळू खाली उतरलं. लग्न होऊन पाच महिनेही झाले नव्हते. मुलगी एक घर सोडून ज्याच्यासाठी आली, तोच आता निघाला होता.

न्यायला ट्रक आला तेव्हा उन्हं चढली होती. साहेबांचा माणूस प्रज्वल सोबत होता. स्वरूपनेच मला उलटी घेत फळीवरून वर चढवलं, चाकांना पट्टे आवळले, प्रत्येक पट्टा दोनदा ओढून पाहिला. मग खाली उतरला आणि आपली बॅग आणायला आत गेला. बाईजांनी ट्रकवर हात उंचावून माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं.

"थांबा जरा," नथू म्हणाले. "दावं काढलं का?"

"कसलं दावं, काका?" प्रज्वलने विचारलं.

"आमी जनावर विकतो, दावं विकत नाय. म्हशाच्या बाजारात जाऊन इचार कोणाला पण. घेणारा आपलं दावं घेऊन येतो. दावं गेलं तर घरची बरकत जाते."

"काका, गाडी आहे ही."

"चार पायांवर उभी हाय ना? मंग."

"चावी ठेवून घ्या," सकुबाई म्हणाल्या.

"मग गाडी उतरवू कशी, मावशी?"

"ती पायाखालची चटई काढ," बाईजा म्हणाल्या. "नाय तर तो पोटावरचा पट्टा काप."

"पट्टा कापला तर साहेब मलाच कापतील."

"दावं म्हंजे वस्तू नाय रे," नथूंनी समजावलं. "ज्याच्यानं ती ह्या दारात टिकली, ते."

राही उंबऱ्यात हळदकुंकवाचं ताट घेऊन उभी होती. ती म्हणाली, "बाबा, दावं तर ट्रकात चढलं."

सगळ्यांनी वळून पाहिलं. तोवर स्वरूपची बॅग केबिनमध्ये गेली होती आणि त्याचा एक पाय पायरीवर.

शेडमध्ये म्हैस फुरफुरली. मग सकुबाई हळूच म्हणाल्या, "बोलली गो बाय."

राहीचा चेहरा लाल झाला होता, पण आता थांबणं तिच्या हातात राहिलं नव्हतं. "तुम्ही जाऊ नका असं माझं म्हणणं नाही," ती स्वरूपला म्हणाली. "आईंना विचारलंत, बाबांना विचारलंत, मनोजभावजींना फोन केलात. मी नको म्हणाले असते की हो म्हणाले असते, ते तुम्हाला अजून माहीत नाही. ते न ऐकताच चाललात."

स्वरूप पायरीवर तसाच उभा राहिला. मग खाली उतरला. "काय म्हणाली असतीस?"

तिने ओट्याकडे पाहिलं. ओट्यावर सासू, सासरे, सकुबाई, दीर, आणि आता तर प्रज्वलही कान देऊन. मग तिने सवयीने माझ्याकडे पाहिलं. पण मी उंचावर होते, बांधलेली.

"इथं नाही सांगत," ती म्हणाली.

स्वरूपने बॅग काढून घेतली आणि प्रज्वलला म्हणाला, "गाडी न्या. माझं मी साहेबांना फोन करून सांगतो. ती खोली दोघांना पुरेल का, ते पण विचारून ठेवा."

"अरे पण ते लोक थांबलेत तुझ्यासाठी," बाईजा म्हणाल्या.

"थांबू दे गो," नथू म्हणाले आणि समाधानाने ओट्यावर बसले. "दावं नाय दिलं आपण."

ट्रक सुरू झाला. माझं तोंड मागे होतं, म्हणून मला सगळं दिसत राहिलं. राहीने ताट सासूबाईंच्या हातात दिलं आणि ती रस्त्यावर आली. स्वरूप तिच्या मागे आला, मग बरोबरीने. भर दुपारी, सगळ्या गावासमोर, नवी सून नवऱ्याबरोबर पुलाच्या दिशेने चालत होती आणि बोलत होती. हातवारे करून बोलत होती. तिला हातवारे करता येतात हे मला माहीतच नव्हतं. माझ्यात तेवढी जागा कुठे होती? तो मान एका बाजूला कलती करून ऐकत होता. ती काय म्हणाली ते मला कधीच कळणार नाही. वळण आलं आणि ती दोघं दिसेनाशी झाली.

आता शहापूर मागे पडलंय. महामार्गाचा वारा अंगावरून वाहतोय आणि मी पुन्हा पाण्यावर असल्यासारखी डुलतेय. कपाळावरचं कुंकू थोडं थोडं उडत चाललंय.

पुण्याचे साहेब, तुमच्याकडे म्हणे गार हवेचं गॅरेज आहे. चांगलंच असेल. पण मला नुसती झाकून ठेवू नका. अधूनमधून बाहेर काढा, शेजारी कोणालातरी बसवा आणि कुठेतरी एखाद्या पुलापर्यंत जाऊन या. शेजारचं माणूस गप्प बसलं तर गाणी लावू नका. त्याचं एक वाक्य तयार होत असेल. पूल येण्याआधी तुम्हीच एकदा विचारा.